पहाटे चारचं ऊन

शिर्डीच्या काकड आरतीला जायचं असेल तर किती वाजता उठावं लागतं? पुष्कळ भाविक साडेतीन-चारलाच अंथरूण सोडतात. डिसेंबर असेल तर बाहेर मिट्ट काळोख आणि हाडात शिरणारा गारठा. न्हाणीघरातला नळ सोडला की बादलीत वाफाळतं पाणी पडू लागतं. लॉजच्या गच्चीवर सोलर हीटर असेल, तर हे पाणी उन्हानं तापलेलं असतं. आणि ऊन पडायला अजून तीन तास अवकाश असतो!

काय घडलंय ते जरा थांबून पाहा. काल दुपारी सूर्यावरून निघालेल्या प्रकाशानं पंधरा कोटी किलोमीटरचं अंतर साधारण ८ मिनिटं २० सेकंदांत कापलं आणि तो शिर्डीतल्या एका गच्चीवर पोहोचला. विश्वात ज्याच्यापेक्षा वेगानं काहीच धावत नाही, त्या प्रकाशाला त्या गच्चीनं अडवलं, त्याची उष्णता केली आणि ती पंधरा-सोळा तास जागची हलू दिली नाही.

उन्हात पाणी तापतं यात नवल नाही. अंगणात ठेवलेलं घंगाळ दुपारपर्यंत कोमट होतंच. नवल पुढचं आहे: ती ऊब रात्रभर टिकवायची कशी? उष्णतेचा स्वभावच निसटण्याचा. ती हवेतून जाते, धातूतून जाते आणि वाटेत काहीच नसेल तर नुसत्या पोकळीतूनही निघून जाते. सौर बंबाचा अडीचशे वर्षांचा इतिहास हा उष्णतेची एकेक पळवाट बुजवत जाण्याचा इतिहास आहे. आणि त्या सगळ्या बुद्धीचा खरा कस लागतो तो हॉटेलात. कारण तिथे सगळे पाहुणे एकदम आंघोळीला जातात, तेही उजाडण्याच्या सुमारास. सूर्य भरभरून देतो तेव्हा खोल्या रिकाम्या असतात आणि खोल्या भरलेल्या असतात तेव्हा सूर्य नसतो. शिवाय पैसे मोजून उतरलेल्या माणसाला ‘काल ढग होते हो’ हे उत्तर चालत नाही.

किती उष्णता लागते, याचा हिशेब कागदावर सहज करता येतो. पन्नास खोल्यांचं हॉटेल घेऊ. खोलीत दोघं, माणशी ५० लिटर गरम पाणी. रोजचे झाले ५,००० लिटर. नळाला येणारं पाणी २५ अंश सेल्सिअस, टाकीत हवं ६० अंश. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला ४,१८६ ज्यूल ऊर्जा लागते. गुणाकार करत गेलात की उत्तर येतं सुमारे २०० युनिट, रोजचे. म्हणजे माणशी दोन युनिट. दोन युनिट हा आकडा किरकोळ वाटतो ना? तेवढ्या विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा नऊ दिवस आणि नऊ रात्री अखंड जळतो. तो सगळा उजेड आपण दहा मिनिटांत अंगावर ओतून मोरीत सोडून देतो.

पाणी तापायला इतकं नाखूश का? पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात. आपण दिलेल्या उष्णतेतला बराचसा वाटा ती ओढाताण सैल करण्यातच खर्च होतो, तापमान मात्र हळूहळू चढतं. एक किलो लोखंड एका अंशानं तापवायला पाण्याच्या साधारण नवव्या हिश्श्याइतकी ऊर्जा पुरते. पण जे तापायला हट्टी, ते निवायलाही हट्टीच. विजेचं बिल फुगवणारा पाण्याचा हाच गुण रात्रभर ऊन सांभाळायला कामी येतो. उष्णता साठवण्यासाठी यापेक्षा स्वस्त आणि सरस पदार्थ शोधूनही सापडत नाही, आणि नेमका तोच आपल्याला आंघोळीला हवा असतो.

हे २०० युनिट गिझरनं पुरवायचे ठरवले तर काय होतं, तेही पाहू. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून शेकडो अंशांची वाफ करायची, तिनं टर्बाइन फिरवायचं, तीन भाग उष्णतेतून जेमतेम एक भाग वीज मिळवायची, ती तारांतून शेकडो किलोमीटर आणायची आणि शेवटी काय करायचं? तिची पुन्हा उष्णता. तीही किती, तर अंगाला सोसेल एवढी, चाळीस अंशांची! विजेसारखी अष्टपैलू वस्तू पाणी कोमट करण्यात घालवणं मला मनापासून खटकतं. आणि पन्नास खोल्यांतले दोन-दोन किलोवॅटचे गिझर सकाळी सातला एकदम चालू झाले तर त्या एका इमारतीची मागणी क्षणात १०० किलोवॅटवर जाते.

गच्चीवर मात्र दुसरंच चित्र असतं. महाराष्ट्रात निरभ्र दिवशी एका चौरस मीटरवर साधारण पाच युनिट ऊर्जा पडते. आपल्या हॉटेलसाठी १०० चौरस मीटर पॅनेल बसवले, म्हणजे दोन चौरस मीटरचे पन्नास, तर त्यांच्यावर रोज ५०० युनिट बरसतात. आपल्याला हवेत २००. निम्म्याहून जास्त सांडलं तरी चालतं! शिर्डी संस्थानच्या प्रसादालयावर २००९पासून ७३ मोठ्या परावर्तक तबकड्या आहेत. त्या सूर्याचा पाठलाग करतात, ऊन एका जागी गोळा करतात आणि स्वयंपाकासाठी वाफ तयार करतात. आंघोळीला तेवढा खटाटोप लागत नाही. ६० अंशांसाठी ऊन एकवटायची गरज नाही. आलेलं ऊन परत जाऊ द्यायचं नाही, बस्स.

परत जाऊ द्यायचं नाही, ही युक्ती पहिल्यांदा नीट मोजून पाहिली ती जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यानं, १७६७ साली. काचेच्या खिडकीतून ऊन आलं की खोली जास्त तापते, हे सगळेच पाहत होते. किती तापते, हे यानं विचारलं. त्यानं एकात एक बसणाऱ्या काचेच्या पाच पेट्या केल्या आणि उन्हात ठेवल्या. सर्वांत आतल्या पेटीतलं तापमान ८७ अंशांच्या वर गेलं. पुढे त्यानं आतून काळी केलेली, बाजूंनी नीट बंदिस्त केलेली आणि वर तीन काचा असलेली लाकडी पेटी बनवली. ती पाणी उकळेल त्याच्याही पुढे गेली. आग नाही, भिंग नाही, आरसा नाही. नुसती पेटी!

पण मला जास्त आवडतो तो त्याचा पुढचा प्रयोग. सोस्यूर हाडाचा गिर्यारोहक होता. ती पेटी त्यानं आल्प्समधल्या माँ क्रामाँ शिखरावर नेली, नंतर खालच्या सखल भागातही मांडली. शिखरावरची हवा खूपच थंड होती, तरी पेटी दोन्हीकडे जवळपास सारखीच तापली. म्हणजे हवा कितीही गार असो, ऊन तेच असतं. फरक एवढाच की उघड्यावर गार हवा ती ऊब लगेच हिरावून नेते आणि पेटीत तिला शिरकाव नसतो. जानेवारीत आपण स्वेटर घालून गच्चीवर उभे असतो आणि शेजारच्या पॅनेलमधलं पाणी हात लावू देत नाही, त्याचं गूढ या एका प्रयोगात उकलतं.

काच इथे दोन कामं करते. तापलेली हवा वर उडून जाण्याची वाट ती अडवते. दुसरं काम अधिक मजेचं आहे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश तापलेला असतो, म्हणून त्याचे किरण आखूड लहरींचे. ते काचेतून आरपार जातात. आतला काळा पत्रा ऐंशीएक अंशांवर तापला की तोही किरण सोडू लागतो, पण लांब लहरींचे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे. आणि त्यांना काच भिंतीसारखी अपारदर्शक असते. एकच काच जाणाऱ्याला अडवते आणि येणाऱ्याला आत घेते! चांगल्या पॅनेलची काच कडेनं पाहा. साध्या काचेची कड हिरवट दिसते, ती तिच्यातल्या लोहामुळे. हे लोह थोडं ऊन खातं, म्हणून पॅनेलसाठी मुद्दाम कमी लोहाची काच वापरतात.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यानं १८९१ साली पेटंट घेतलेल्या ‘क्लायमॅक्स’ हीटरमध्ये काळ्या रंगाच्या पाण्याच्या टाक्याच काचेच्या पेटीत ठेवल्या होत्या. दुपारी पाणी छान तापायचं. पण रात्री? जी काच दिवसा ऊन आत घेते, तिच्यातूनच रात्री ऊब बाहेर जाते. सकाळी पाणी गार. शिर्डीच्या लॉजवाल्याला हा हीटर काही कामाचा नव्हता.

१९०९मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यानं एक साधी गोष्ट केली. तापणारा भाग वेगळा काढला आणि साठवणारी टाकी वेगळी काढून तिच्याभोवती उष्णतारोधक वेष्टण गुंडाळलं. तापायला हवा उघडा, पातळ, काळा पत्रा, आणि साठवायला हवी बंद, जाड, झाकलेली टाकी. एकाच भांड्याकडून दोन्ही कामं करून घेणं हाच तर घोटाळा होता. बेलीनं आपल्या यंत्राचं नाव ठेवलं ‘डे अँड नाइट’. आज आपल्या गच्च्यांवर दिसणारा प्रत्येक सौर बंब याच घराण्यातला.

आता प्रश्न असा, की पत्र्यात तापलेलं पाणी टाकीत न्यायचं कोणी? पंप नको, वीज नको. काम होतं ते वजनाच्या फरकावर. २० अंशांचं एक लिटर पाणी ९९८ ग्रॅम भरतं, ६० अंशांचं ९८३ ग्रॅम. लिटरमागे फक्त पंधरा ग्रॅमचा फरक! टाकी पॅनेलच्या वर ठेवली की पॅनेलमधलं हलकं झालेलं पाणी आपोआप वर चढतं आणि टाकीच्या तळातलं जड, गार पाणी त्याच्या जागी खाली उतरतं. ऊन वाढलं की फेरा वेगानं फिरतो, ढग आला की मंदावतो. आणि सूर्य मावळला की? पॅनेलमधलं पाणी गार होऊन जड होतं आणि तळाशीच बसून राहतं. वरचं गरम पाणी खाली येत नाही. म्हणजे दिवसा फिरायचं आणि रात्री थांबायचं, हे त्या पाण्याला सांगावंच लागत नाही. घरच्या बंबात टाकी नेहमी वरच का असते, ते आता ध्यानात आलं असेल.

हॉटेलात पाच हजार लिटरची, म्हणजे पाच टनांहून जड टाकी पॅनेलच्या वर चढवणं सोपं नसतं. तिथे छोटा पंप येतो आणि त्याच्यावर नजर ठेवणारे दोन तापमापक. एक पॅनेलच्या माथ्यावर, एक टाकीच्या तळाशी. पॅनेल टाकीपेक्षा काही अंशांनी गरम झालं की पंप सुरू, फरक मिटला की बंद. पंधरा ग्रॅमनी जे केलं, तेच आता एक चिप करते.

बेलीला १९१३मध्ये फटका बसला. कॅलिफोर्नियात अचानक कडाक्याची थंडी पडली, पॅनेलमधल्या पाण्याचा बर्फ झाला, बर्फ फुगला आणि नळ्या फुटल्या. गंमत अशी, की असा बर्फ व्हायला हवा शून्य अंशापर्यंत उतरावीच लागते असं नाही. निरभ्र रात्री काळा पत्रा आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. आपल्या देशातली माणसं ही करामत शतकांपूर्वी पोटापाण्यासाठी वापरत होती. अलाहाबादजवळ हिवाळ्यात उथळ मातीच्या ताटल्यांत पाणी उघड्यावर मांडून पहाटे बर्फ गोळा करत, त्याचं सविस्तर वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं होतं. जो पत्रा दिवसा पाणी तापवतो, तोच रात्री आकाशाशी संधान बांधून ते गोठवतो!

बेलीचा उपाय असा. पॅनेलमध्ये आंघोळीचं पाणी पाठवायचंच नाही. तिथे अल्कोहोल मिसळलेलं, न गोठणारं पाणी बंद नळ्यांतून फिरवत ठेवायचं. ते टाकीतल्या वेटोळ्यातून जाताना आपली उष्णता बाहेरच्या पाण्याला देईल. दोन्ही पाणी एकमेकांना कधी भेटत नाहीत, नळीच्या भिंतीतून फक्त ऊब ये-जा करते. ही युक्ती लक्षात ठेवा, ती पुढे अगदी वेगळ्याच कारणासाठी परत येणार आहे.

काळ्या रंगाची आणखी एक अडचण होती. गुस्ताव किरखॉफनं एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं की जो पृष्ठभाग किरण उत्तम शोषतो, तो तितक्याच उत्साहानं ते बाहेरही टाकतो. म्हणजे पत्रा जितका काळा, तितकी गळती जास्त. निसर्गनियमच तो, वाद कोणाशी घालणार? पण त्या नियमात एक बारीक अट आहे: एकाच लांबीच्या लहरींसाठी. येणारं ऊन आखूड लहरींचं, जाणारी ऊब लांब लहरींची. मग आखूड लहरींना काळा आणि लांब लहरींना आरशासारखा चकचकीत असा पृष्ठभाग बनवला तर? इस्रायलच्या हॅरी टेबर यांनी १९५५मध्ये अमेरिकेत भरलेल्या सौरऊर्जेच्या परिषदेत नेमका असा लेप मांडला. चकचकीत धातूवर इतका पातळ काळा थर की उन्हाच्या आखूड लहरी त्यात अडकतात, आणि लांब लहरींच्या बाबतीत तो थर जणू नसतोच, खालचा धातूच काय तो उरतो. चांगला लेप ऊन नव्वद टक्क्यांहून जास्त शोषतो आणि त्याच तापमानाच्या पूर्ण काळ्या पत्र्याच्या जेमतेम दहा टक्के ऊब बाहेर टाकतो. निसर्गाचा नियम न मोडता त्याच्यातून वाट काढणं म्हणजे काय, हे मला या लेपाइतकं स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही. इस्रायलनं पुढे १९८०मध्ये नव्या घरांवर सौर बंब सक्तीचेच केले.

राहिली हवा. पत्रा आणि काच यांच्यामधली हवा थोडी थोडी उष्णता पळवतेच. मग हवाच काढून टाकली तर? जेम्स ड्यूअरनं १८९२मध्ये दुहेरी भिंतीची निर्वात बाटली केली होती. आपला थर्मास तो हाच. गच्चीवर ओळीनं मांडलेल्या त्या काळ्या काचनळ्या म्हणजे पारदर्शक थर्मास. दोन काचा, मध्ये निर्वात पोकळी आणि आतल्या काचेवर टेबरच्या जातीचा लेप. चीनमध्ये छिंगह्वा विद्यापीठात १९८०च्या दशकात या नळ्यांसाठी स्वस्तात चढवता येणारा लेप विकसित झाला आणि आज जगातले बहुसंख्य सौर बंब चीनमध्ये आहेत. भर उन्हात या नळीला बाहेरून हात लावून पाहा. काच जेमतेम कोमट लागते, आणि बोटापासून काही मिलिमीटरवर पाणी उकळीच्या जवळ असतं! नळीच्या टोकाला चंदेरी डाग दिसतो, तो बेरियम धातूचा. आत चुकून राहिलेली हवा तो गिळत राहतो. नळीला तडा गेला, हवा शिरली, की डाग पांढरा पडतो. पन्नास खोल्यांच्या हॉटेलात अशा शेकडो नळ्या असतात, पण कुठली बाद झाली ते गच्चीवरून एक फेरी मारली की कळतं. एक मात्र पाळावं लागतं. रिकामी नळी उन्हात दोनशे अंशांच्या पुढे तापते. तिच्यात भर दुपारी गार पाणी सोडलं की ती तडकलीच म्हणून समजा. जाणते फिटर पाणी भरायचं काम सकाळी लवकर किंवा तिन्हीसांजेला करतात.

आतापर्यंतच्या गोष्टी घराला आणि हॉटेलला सारख्याच लागू आहेत. इथून पुढे मोठेपणाच मदतीला धावतो. टाकी लांबी, रुंदी, उंचीनं दुप्पट केली तर तिचा पृष्ठभाग चौपट होतो, पण तिच्यात पाणी आठपट मावतं. उष्णता निसटते पृष्ठभागातून आणि साठते पाण्यात. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला पळायची जागा निम्मीच उरली. घरच्या शंभर लिटरच्या टाकीतलं पाणी रात्रीत दोन-चार अंश उतरत असेल, तर तशाच वेष्टणातल्या पाच हजार लिटरच्या टाकीत उतार एखाद्या अंशाच्या आसपासच राहतो.

त्या टाकीच्या पोटात काय चालतं, तेही पाहण्यासारखं आहे. गरम पाणी हलकं, म्हणून ते गार पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं धरून राहतं. नळाला जाणारं पाणी माथ्यावरून काढतात आणि भरतीचं गार पाणी तळाशी अगदी संथपणे सोडतात. पाहुण्यांनी निम्मी टाकी रिकामी केली, समजा. गार-गरम मिसळलं असतं तर सगळं पाणी ४२ अंशांवर आलं असतं आणि उशिरा उठणाऱ्यांनी खाली फोन केले असते. पण मिसळलंच नाही, तर वरचं निम्मं अजूनही ६० अंशच आहे. उष्णता तेवढीच, एक कणही वाढलेली नाही. फक्त ती विस्कटू दिली नाही.

चौथ्या मजल्यावर नळ सोडला की आधी गार पाणी का येतं? २५ मिलिमीटर व्यासाच्या तीस मीटर नळात सुमारे पंधरा लिटर पाणी मावतं. रात्रभर ते निवलेलं असतं, आणि गरम पाणी येईपर्यंत पाहुणा ते सोडून देतो. पन्नास पाहुण्यांनी तेच केलं तर किती गेलं? म्हणून चांगल्या हॉटेलात गरम पाण्याचा नळ टाकीतून निघून सगळे मजले फिरून पुन्हा टाकीकडे येतो आणि एक लहान पंप ते पाणी हलतं ठेवतो. सोय उत्तम, पण या फेऱ्यात इतकी उष्णता गळते की अनेकदा टाकीची गळती तिच्यापुढे काहीच नसते. माझं मत विचाराल तर नव्या पॅनेलवर पैसे घालण्याआधी हॉटेलवाल्यानं भिंतीत पुरलेल्या या नळांना वेष्टण आहे का, ते पाहावं.

आणि टाकीत ६० अंशच का? अंगावर तर आपण चाळीसचं घेतो. या प्रश्नाचं उत्तर एका हॉटेलातच सुरू होतं. जुलै १९७६मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलेव्ह्यू-स्ट्रॅटफोर्ड हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं. पुढच्या काही दिवसांत दोनशेहून अधिक लोक विचित्र न्यूमोनियानं आजारी पडले, ३४ दगावले. काही महिने कारणच सापडेना. जानेवारी १९७७मध्ये जोसेफ मॅकडेड यांना तोवर अज्ञात असलेला एक जिवाणू सापडला. त्याचं नाव पडलं लीजिओनेला. तिथे संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता, पण हा जीव कुठल्याही कोमट, साचलेल्या पाण्यात खुशाल वाढतो आणि शॉवरच्या तुषारांबरोबर श्वासात जातो. त्याला आवडतं ते नेमकं वीस ते पंचेचाळीस अंशांमधलं पाणी, म्हणजे आपल्याला आवडतं तेच! साठ अंशांवर मात्र तो काही मिनिटांत मरतो. म्हणून साठवण कडक ठेवायची आणि टाकीच्या तळचा कोमट थरही अधूनमधून साठपर्यंत नेऊन आणायचा.

पण साठ अंशांचं पाणी त्वचेला काही सेकंदांत भाजतं. मग वाटेत विसण घालावं लागतं, आणि ते घालतो मेणाचा एक खडा. मिश्रण करणाऱ्या झडपेत मेण भरलेली छोटी डबी असते. पाणी ठरल्यापेक्षा गरम झालं की मेण वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि गार पाण्याची वाट रुंदावते. पाणी निवलं की मेण आकसतं आणि दांडी मागे येते. वीज नाही, सेन्सर नाही. मेणाचं प्रसरण दिवसरात्र पाहुण्यांची कातडी वाचवत असतं.

आता बेलीची युक्ती परत आणू. मराठवाड्यात, सोलापूर भागात बोअरचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही. त्यात विरघळलेला चुना गार पाण्यात गुपचूप असतो. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना दगड होऊन नळीच्या आत बसतो. गुहांत छतापासून लोंबणारे चुनखडीचे सुळके अशाच रसायनातून हजारो वर्षांत वाढतात. पॅनेलला तेवढा धीर नसतो, तिथे काही महिन्यांतच नळी आतून अरुंद होऊ लागते. उपाय? पॅनेलमधून तेच तेच मऊ पाणी फिरवायचं आणि वेटोळ्यातून फक्त उष्णता द्यायची. कॅलिफोर्नियाच्या बर्फावर शोधलेलं औषध सोलापूरच्या चुन्यावर लागू पडलं!

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून का असतात, हे सांगायला नको. त्यांचा कल मात्र मुद्दाम आपल्या अक्षांशापेक्षा थोडा जास्त ठेवतात. डिसेंबरच्या दुपारी शिर्डीत सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवरच असतो, त्याच्याकडे पॅनेलनं नीट पाहावं म्हणून. मे महिन्यात त्यामुळे थोडं ऊन वाया जातं, पण मे महिन्यात कडकडीत पाणी मागतो कोण?

खरी पंचाईत जुलैत होते. महाबळेश्वरला दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, आणि तिथल्या हॉटेलात पावसात भिजून आलेल्या पाहुण्याला गरम पाणी तर हवंच. अशा वेळी बहुतेक ठिकाणी टाकीतला विजेचा हीटर किंवा डिझेलचा बॉयलर चालू होतो. पण आता अनेक हॉटेलांच्या गच्चीवर उष्णता-पंप नावाचं यंत्र दिसू लागलंय, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ते वीज जाळून उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून पाण्यात ढकलतं, फ्रीज आपल्या पोटातली ढकलतो तशी. एक युनिट विजेवर तीन-साडेतीन युनिट उष्णता पाण्यात जाते.

ती येते कुठून? यंत्राच्या गार वेटोळ्यावरून महाबळेश्वरची ओली हवा जाते आणि हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं. बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, एका लिटरमागे सुमारे ०.६८ युनिट. ही उष्णता त्या बाष्पात घातली कोणी? आधीच्या दिवसांत अरबी समुद्रावर पडलेल्या उन्हानं, पाण्याची वाफ करताना. शिर्डीची गच्ची ऊन सोळा तास राखते. इथे समुद्रानं ते बाष्पात भरून शेकडो किलोमीटर वाऱ्यावर पाठवलं आहे, आणि त्या यंत्राखालून ठिबकून जाणाऱ्या दर लिटर पाण्यामागे आंघोळीचं सोळाएक लिटर पाणी २५वरून ६० अंशांवर जाईल एवढी उष्णता टाकीत जमा होते.